माझं पहिलं पान कोणी काढलं?

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवर टांगायचा नव्हे, आकड्यांचा. संगणकाच्या पोटात राहतो. वजन विचाराल तर शून्य. तुम्ही काल मांजराचा जो फोटो काढलात ना, तो माझ्या चौपट जागा खात असेल. पण त्या मांजराने एखादी आख्खी आळी बुडता बुडता वाचवलेली नाही. मी वाचवली आहे, एकदा नव्हे, पाच वेळा. आणि सहाव्या वेळी माझ्याच आकड्यांमुळे त्याच आळीत पाणी शिरलं. ती गोष्ट मी सांगणार आहे, आणि मान खाली घालून मुळीच सांगणार नाही.

आधीच कबूल करतो, गप्पा मारताना मीठमसाला लावायची मला खोड आहे. आमच्या पुलाखाली एक म्हातारा मासा रोज सकाळी बरोबर सात वाजता हजर व्हायचा आणि कोणी आकडा चुकीचा वाचला तर शेपटी आपटायचा, असं मी म्हणालो तर तुम्ही हसाल. हसा. माझ्या गोष्टींवर अर्धाच विश्वास ठेवा. आकड्यांवर मात्र पूर्ण ठेवा. तिथे मी मस्करी करत नाही.

माझा जन्म नदीकाठच्या एका कॉलेजात झाला. तिथल्या एका प्राध्यापकांना दोन वर्षांसाठी नदीचा अभ्यास करायचा होता. पुलाच्या तिसऱ्या खांबावर त्यांनी उंची मोजायची लाकडी पट्टी ठोकून घेतली आणि प्रयोगशाळेत बाटल्या विसळणाऱ्या, तराजूची वजनं पुसून ठेवणाऱ्या एका बाईंना सांगितलं, "रोज सकाळी सात आणि संध्याकाळी पाच. पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं." बाईंनी मान डोलावली. दोन वर्षं संपली. प्राध्यापकांना दुसऱ्या गावी मोठी जागा मिळाली. ते सगळ्यांचा निरोप घेऊन गेले, टेबलावरची कुंडीसुद्धा आठवणीने घेऊन गेले. फक्त बाईंना "आता थांबा" म्हणायचं राहून गेलं.

बाई मोजत राहिल्या. एकतीस वर्षं झाली. सगळं गाव त्यांना मापवाल्या काकू म्हणतं. कोणी विचारलंच तर काकू म्हणतात, "थांबायला कोणी सांगितलं नाही. आणि नदी तरी कुठे थांबली?"

काकूंचा एक हट्ट होता. डोळ्यांनी दिसलं तेच लिहायचं. एकदा अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी त्या तीन दिवस दवाखान्यात होत्या. परत आल्यावर कॉलेजातल्या कारकुनाने सुचवलं, "काकू, आधीचा आकडा दोन मीटर, नंतरचा सव्वादोन. मधले भरून टाका की अंदाजाने. कोण बघतंय?" काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याचंच पोट दुखायला लागलं. ते सहा रकाने आजही रिकामे आहेत. मला त्यांचा अभिमान आहे. माहीत नसलेलं माहीत नाही म्हणून सांगणारी जागा अंगावर असणं ही काही सोपी गोष्ट नाही. माणसांना विचारा.

याच हट्टातून पुढचं सगळं घडलं, म्हणून नीट ऐका. एकोणिसाव्या वर्षी वाळूची एक मोठी बोट खांबाला धडकली आणि पट्टी निखळली. नगरपालिकेचा सुतार आला, त्याने चार खिळे ठोकले, पट्टी परत बसवली. बसवली ती बावीस सेंटीमीटर वर. म्हणजे चांगली वीतभर. त्या दिवसापासून पट्टी खरं पाणी वीतभर कमी दाखवायला लागली. काकूंनी पालिकेला पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. एकूण चौदा लिहिली. पट्टी काही खाली आली नाही.

आता दुसरं कोणी असतं तर रोजच्या आकड्यात गुपचूप बावीस मिळवून मोकळं झालं असतं. काकूंनी तसं केलं नाही. पट्टीवर जे दिसलं तेच लिहिलं आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत टीप टाकली: "बोट धडकल्याच्या दिवसापासून पुढच्या प्रत्येक आकड्यात बावीस सेंटीमीटर मिळवून वाचावे." आकडा सुधारायचा नाही, सुधारणा शेजारी लिहायची. ही त्यांची रीत.

काकू निवृत्त झाल्या तरी पुलावर जाणं सुटलं नाही. वह्या कॉलेजच्या कपाटात साठत गेल्या. तिथे वाळवीने मला दोनदा मागणी घातली, पण मी बधलो नाही. मग कॉलेजात नवे ग्रंथपाल आले. हे गृहस्थ इतके हळू बोलत की त्यांचं वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याची दाढी वाढायची. त्यांनी कपाट उघडलं, वह्या चाळल्या आणि दीड वर्ष बसून माझा एकेक आकडा संगणकात उतरवला. रोजचा नवा आकडाही काकूंकडून फोनवर घेऊन त्यात भरायला लागले. असा माझा दुसरा जन्म झाला. ग्रंथपालांनी मला कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवलं आणि मला वाटलं, चला, आता जग धावत येणार!

कोणी आलं नाही, मित्रांनो. यायचे, बघायचे, आणि निघून जायचे. वर्षभर मी दारात नटून उभ्या नवरदेवासारखा ताटकळत होतो. शेवटी एका परक्या विद्यापीठातल्या बाईंचं पत्र आलं: "तुमचा तक्ता फार मोलाचा आहे. पण तो वापरायची परवानगी आहे की नाही हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून आम्ही हात लावलेला नाही."

"अहो, पण उघड्यावरच ठेवलाय ना!" काकू म्हणाल्या.

ग्रंथपालांनी सावकाश समजावलं. "काकू... तुमची सायकल तुम्ही रस्त्यात उभी केलीत... कुलूप लावलं नाहीत... म्हणून ती कोणीही न्यावी का? सभ्य माणूस विचारतो. आणि विचारायला कोणी दिसलं नाही... तर पुढे जातो. फक्त चोर थांबतो."

तेव्हा मला कळलं, उघडं असणं वेगळं आणि मोकळं असणं वेगळं. परवान्याची चार वाक्यं अंगावर नव्हती म्हणून सज्जन माझ्यापासून लांब राहत होते.

आता परवाना द्यायचा तर आधी मालक कोण? काकूंनी मोजलं, पण कॉलेजच्या पगारावर. निवृत्तीनंतर मोजलं ते स्वतःच्या चपला झिजवून. ग्रंथपालांनी दोघांकडून लिहून घ्यायचं ठरवलं. प्राचार्यांनी तर लगेच सही केली. ते समोर येईल त्यावर सही करत. एकदा त्यांनी स्वतःच्याच रजेचा अर्ज स्वतःच नामंजूर केला होता. काकूंनी मात्र कागद दोनदा वाचला.

"यात 'पैसे कमावण्यासाठी वापरू नये' असं टाकायचं का?" ग्रंथपालांनी विचारलं. "बरेच लोक टाकतात."

काकू विचारात पडल्या. "लॉन्ड्रीवाला कडक भाऊ पाणी बघून यंत्रं वर उचलतो. तो पैसे कमावतोच ना? शाळा फी घेते. पुलाचा इंजिनियर पगार घेतो. कोणाला हो म्हणायचं, कोणाला नाही, हे मी कुठे ठरवत बसू? नको. सगळ्यांनी वापरा. विकायचं तर विका."

"मग अट काहीच नाही?"

"आहे की. पहिलं पान सोबत न्यायचं. कोणी मोजलं, कसं मोजलं, वीत कुठे मिळवायची, सगळं त्यात आहे. बदल केलात तर काय बदललं ते सांगायचं. आणि घेणाऱ्याने पुढच्याला अडवायचं नाही."

ग्रंथपालांनी तशा अटींचा तयार परवाना शोधला आणि माझ्या पहिल्या पानावर टिपेच्या खाली लावला. काकूंचं नाव, वीतभराची टीप आणि परवाना. अर्धं पान सगळं मिळून. माझी शान म्हणाल तर तेवढीच.

मग मात्र मी फिरलो! परक्या विद्यापीठातल्या बाई पहिल्या आल्या. शाळेतली मुलं माझ्यावरून आलेख काढायला शिकली. एका इंजिनियरने माझ्या जोरावर नवा पूल हातभर उंच बांधला. एका चित्रकाराने माझ्यातल्या दहा वर्षांवरून लांबलचक निळी पट्टी रंगवली आणि खाली काकूंचं नाव घातलं. काकू ते बघायला गेल्या आणि म्हणाल्या, "सतराव्या वर्षीचा मार्च जरा जास्तच निळा झालाय."

पण माझा खरा दोस्त म्हणजे कडक भाऊ. नदीजवळच्या खालच्या आळीत त्याची लॉन्ड्री आहे. इस्त्री इतकी कडक करतो की त्याने दिलेला शर्ट खुर्चीवर ठेवला तर स्वतः बसतो. स्वभाव मात्र लोण्यासारखा. यंत्रं उंबरठ्याच्या आत सात पायऱ्या खाली, तळघरात, आणि यंत्रांच्या पलीकडे त्याच्या आईची खोली. आईचे गुडघे गेलेले, तिला पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून भाऊ रोज सकाळी माझ्यातला ताजा आकडा घ्यायचा, त्यात बावीस मिळवायचा आणि दुकानाबाहेरच्या पाटीवर खडूने लिहायचा: "पाणी इतकं. उंबरठ्याला अजून इतकं बाकी." आख्खी आळी येताजाता ती पाटी वाचायची. पाच वेळा पाणी चढलं, पाचही वेळा आळीने वेळेआधी सामान वर नेलं. कोणाची चटईसुद्धा भिजली नाही.

अशा वेळी कोणाची तरी नजर लागायचीच.

एका कंपनीने मला उचललं. उचलू दे की, सगळ्यांना परवानगी होतीच! माझ्यावरून पुराचं ॲप केलं, तेही चालेल. ते नगरपालिकेला विकलं, त्यालाही काकूंची ना नव्हती. पण त्यांनी माझं पहिलं पान काढून टाकलं. परस्पर नवा मथळा घातला, त्यावर आपलं नाव लावलं आणि खाली लिहिलं, "सर्व हक्क राखीव." मित्रांनो, जे मोकळं म्हणून घेतलं त्यालाच कुलूप घातलं! मी आत बसून ओरडत होतो. पण आकड्यांचा आवाज ऐकू येत असता तर जगात इतके घोटाळे झालेच नसते.

आणि मग त्यांनी कडक भाऊला नोटीस धाडली. "आमच्या संरक्षित माहितीची विनापरवाना नक्कल त्वरित थांबवावी, अन्यथा कायदेशीर कारवाई." जाड कागद, वर सोनेरी शिक्का. भाऊने तो तीनदा वाचला. त्याला वाटलं, काकूंनीच मला कंपनीला विकलं असणार. त्यांचा हक्कच आहे, म्हातारपणाला चार पैसे झाले तर बरंच की. हे विचारायलाही त्याला कसंसं झालं. त्याने गुपचूप पाटी पुसली.

काकूंना येताजाता कोरी पाटी दिसायची. त्यांना वाटलं, कंटाळला असेल बिचारा, रोज उठून कोण लिहिणार. त्यांनीही विचारलं नाही. एक म्हणतो त्यांना वाईट वाटेल, दुसरी म्हणते त्याला वाईट वाटेल. बोट खांबाला धडकली तेव्हा वीतभर नुकसान झालं, पण या दोघांच्या भिडेने त्याहून जास्त केलं.

दोनच महिन्यांत वरच्या डोंगरातून पाणी आलं. सकाळी सातला काकूंनी आकडा लिहिला: सहा मीटर दोन. कंपनीच्या ॲपने माझा तोच ताजा आकडा उचलला आणि अंदाज दिला, "दुपारपर्यंत पाणी सहा मीटर पंचवीसच्या वर जाणार नाही. खालच्या आळीचा उंबरठा सहा मीटर चाळीसवर. निर्धास्त राहा." भाऊने ते वाचलं. वीत मिळवायची असते हे त्याला ठाऊक होतं. पण त्याने विचार केला, एवढी मोठी कंपनी, वीत धरलीच असेल की!

दुपारी तीन वाजता पाणी पट्टीवर बरोबर सहा मीटर पंचवीसला आलं. अंदाज तंतोतंत खरा ठरला हो! फक्त खरं पाणी सहा मीटर सत्तेचाळीसवर होतं. उंबरठ्याच्या वर सात सेंटीमीटर. रस्त्यात उभं राहिलात तर घोटाही बुडत नाही. पण उंबरठ्याच्या आत सात पायऱ्या खाली तळघर असेल तर ते सात सेंटीमीटर धबधब्यासारखे उतरतात.

भाऊने आईला पाठीवर घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून वर आणलं. यंत्रं बुडाली. गिऱ्हाइकांचे तीनशे कपडे तळघरात तरंगायला लागले. आई वरच्या इस्त्रीच्या टेबलावर बसून थरथरत म्हणाली, "अरे, माझा चष्मा खालीच राहिला." भाऊला हसू आलं आणि मग एकदम रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी काकू चिखल तुडवत लॉन्ड्रीत आल्या. "काय रे हे? पाटी का नाही लिहिलीस?"

"काकू, तुम्हीच विकलंत ना ते. मग मी कसा लिहू?"

"विकलं? मी? काय विकलं?"

भाऊने नोटीस दाखवली. ती कडक इस्त्री करून फाइलमध्ये ठेवलेली होती, सवयीप्रमाणे. काकूंनी वाचली आणि पायरीवरच बसल्या. मग उठल्या त्या थेट ग्रंथपालांकडे गेल्या.

"पुसून टाका," त्या म्हणाल्या.

"काय... पुसून टाकू?"

"सगळं. तक्ता काढा तिथून. वह्याही मी घरी नेते. माझ्या आकड्यांनी काल एक म्हातारी बुडाली असती. उद्या खरंच कोणी गेलं तर?"

मित्रांनो, त्या क्षणी मी पहिल्यांदा घाबरलो. वाळवीला नाही भ्यालो, चोराला नाही भ्यालो. पण जिने मला एकतीस वर्षं उन्हातान्हात मोजून मोठं केलं, तीच मला अंधाऱ्या कपाटात कोंडायला निघाली होती. आणि मला ओरडून सांगायचं होतं, काकू, मी खोटं बोललो नाही! माझा एकही आकडा चुकलेला नाही! माझं तोंड धुवून, कपडे बदलून मला भलत्याच नावाने उभं केलं, त्यात माझा काय दोष? चोर सोडून संन्याशाला फाशी?

माझ्या सुदैवाने काकूंची भाची वकील आहे. ती त्याच संध्याकाळी आली. चष्मा नाकावर, पेन केसांत, आणि बोलणं असं की समोरच्याला मधे श्वास घ्यायची चोरी.

"आत्या, तुला तक्ता संकेतस्थळावरून काढता येईल. पण दिलेला परवाना मागे घेता येणार नाही. ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांचा वापरायचा हक्क राहतो. तू पुसलंस तर काय होईल सांगू? जगात त्या कंपनीची मुंडकं उडवलेली प्रत उरेल आणि पहिल्या पानासकट असलेली खरी जाईल. चालेल?"

काकूंनी हातातली वही खाली ठेवली.

"आणि आत्या, हे वेळच्या वेळी मला सांगायला काय झालं होतं?"

"मला तरी कुठे माहीत होतं गं? त्या कडक भाऊला विचार!"

आठवड्याने नगरपालिकेत बैठक भरली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर मागे पडलेलं घड्याळ. अध्यक्ष बाई मधे. एका बाजूला कंपनीचे साहेब, तरुण, नम्र, छान शर्ट. दुसऱ्या बाजूला काकू, भाची, ग्रंथपाल आणि कडक भाऊ. मी भाचीच्या लॅपटॉपमध्ये होतो, फुरफुरत.

साहेब म्हणाले, "निसर्गापुढे कोणाचं काय चालतं? आमची यंत्रणा अत्याधुनिक आहे."

"मोजता कुठे?" भाचीने विचारलं.

"स्वतःच्या स्रोतांमधून."

"अस्सं. मग हा तुमच्याच ॲपमधला आलेख बघू या. बारा वर्षांपूर्वीचा हा दिवस. आदल्या संध्याकाळी पाणी दोन मीटर एकतीस, दुसऱ्या सकाळी दोन मीटर नऊ. तेव्हापासून नदी वीतभर खाली गेली ती बारा वर्षांत वर आलीच नाही. एवढं पाणी गेलं कुठे?"

"नैसर्गिक... बदल असू शकतो."

"नैसर्गिक नाही हो," काकूंना राहवलं नाही, "पालिकेच्या सुताराने खिळे ठोकले!"

अध्यक्ष बाई दचकल्या. "आमच्या सुताराने?"

"चौदा पत्रं लिहिली आहेत मी. तुमच्याच कपाटात असतील."

"आणि हे सहा रकाने रिकामे का आहेत साहेब?" भाची पुढे म्हणाली. "तुमच्या अत्याधुनिक यंत्रणेचंही त्याच तीन दिवसांत अपेंडिक्स काढलं का?"

कडक भाऊ खो खो हसला, मग घाबरून गप्प बसला. साहेबांचे कान लाल झाले. पण माणूस हुशार होता. सावरून म्हणाला, "हे बघा मॅडम, आकड्यांवर मालकी नसते. नदीची उंची ही वस्तुस्थिती आहे. नदी काय तुमच्या आत्याबाईंची आहे?"

मित्रांनो, भाची हसली. मांजर दुधाकडे बघून हसतं तशी.

"वा! काही देशांचा कायदा अगदी हेच म्हणतो, काही देशांचा नाही. आपण वाद नको घालू या. मालकी नसेल असं धरू. मग ती तुमचीही नाही. मग या लॉन्ड्रीवाल्याला नोटीस कोणत्या हक्काने पाठवलीत? आणि मालकी असेल असं धरलं, तर तुम्ही परवान्याच्या तिन्ही अटी मोडल्यात. नसेल तर नोटीस खोटी, असेल तर चोरी खरी. दोन्हीतलं काय हवं ते निवडा. मी तोवर पाणी पिते."

तिने खरंच बाटली उघडली आणि सावकाश पाणी प्यायली.

शेवटी साहेब हळू म्हणाले, "पहिलं पान आम्ही मुद्दाम... म्हणजे, त्यात नुसता मजकूर होता. नाव होतं, अटी होत्या. आम्हाला फक्त आकडे हवे होते."

"त्याच मजकुरात वीत होती," कडक भाऊ उभा राहिला. "नाव कापायला गेलात साहेब, आणि त्याच्याबरोबर माझी आई कापली जाणार होती. ती खाली झोपलेली होती."

अध्यक्ष बाईंनी नोटिशीचा कागद साहेबांपुढे सरकवला.

कंपनीने नोटीस मागे घेतली आणि भाऊची यंत्रं भरून दिली. भाचीने साहेबांना सांगितलं, "अटी मोडल्यात त्या दिवशी तुमचा परवाना संपला. पण चूक कळल्यापासून महिन्याभरात सुधारलीत तर तो आपोआप परत मिळतो. असंच लिहिलंय त्यात. अर्धं पान आहे, वाचून बघा कधीतरी."

बाहेर पायऱ्यांवर काकू थांबल्या. "तरीपण मी बंदच करते," त्या म्हणाल्या. "पुरे झालं."

भाऊ त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "करा. पण उद्या सकाळी मी पाटीवर काय लिहू तेवढं सांगा."

"तू रागावला नाहीस माझ्यावर?"

"रागावलोय ना! मला विचारलं नाहीत म्हणून. मीही विचारलं नाही म्हणून. पण काकू, पाण्याला माझा राग कळत नाही. मला आकडा लागतो."

काकूंनी आपल्या हातावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा मिनिटं कमी होती. "सरक बाजूला," त्या म्हणाल्या आणि भरभर पुलाकडे चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ग्रंथपालांकडे आल्या आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगाला कात्री नव्हे, सुई लावली. मला तिसरा रकाना जोडला. बोट धडकल्यानंतरच्या प्रत्येक आकड्याच्या शेजारी आता "अधिक बावीस" लिहिलेलं असतं आणि त्याच ओळीत, "काकूंचा तक्ता, अटी पहिल्या पानावर." आता कोणी माझं डोकं उडवलं तरी माझी प्रत्येक ओळ साक्ष देते.

"नऊ हजारांच्या आसपास ओळी आहेत," काकू बाही सरसावून म्हणाल्या. "उन्हाळा जाईल माझा."

"काकू... हे एका बटणात होतं."

"मग दाबा की! बघताय काय?"

कंपनीचं पत्रही आलं. पहिलं पान लावलं आहे, वीत मिळवली आहे, पुन्हा वापरू का? लोक म्हणाले, नाक घासायला लावा. काकूंनी एका शब्दात उत्तर धाडलं: "वापरा." मला विचाराल तर माझीही हरकत नव्हती. मी कुलपाला भिऊन कपाटात बसणारा नाही आणि चोराच्या भीतीने सज्जनांना उपाशी ठेवणारा तर मुळीच नाही. मला नव्याण्णव वेळा पळवा, मी शंभराव्या वेळीही दारात उभा असेन!

तेव्हा मित्रांनो, या. मला न्या. माझी शंभर रूपं करा, गाणी करा, यंत्रं करा, विकून श्रीमंत व्हा. तुमच्या नोंदी, चित्रं, फोटो जगासाठी मोकळे ठेवणार असाल तर तसं स्पष्ट लिहून ठेवा, नुसते रस्त्यात टाकू नका. आणि दुसऱ्याचं घ्याल तेव्हा त्याचं पहिलं पान आधी वाचा. तेवढं अर्धं पान वाचायला तुम्हाला वेळ नसेल, तर माझं काही म्हणणं नाही. फक्त नदीकाठी घर घेऊ नका.